आडनाव कोणतं?

जर्मनच्या ए-१ या सगळ्यात पहिल्या पातळीच्या परीक्षेत मी तोंडी परीक्षक असतो. जर्मनीतल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला जायचं, तर २००७ पासून व्हिसासाठी बहुतेकांना ही पायरी पार करावी लागते. संस्थेच्या दारावर सिनेमा महोत्सवाचं आणि कवितावाचनाचं पोस्टर असतं. परीक्षेच्या दिवशी त्याकडे कोणी पाहत नाही. सगळ्यांचे ओठ हलत असतात.

त्या दिवशी तिसऱ्या गटात चौघं होते. पहिला भाग स्वतःची ओळख करून देण्याचा: नाव, वय, देश, भाषा, छंद. हे सगळे पाठ करून येतात, तसं त्या चौघांतल्या एकीनेही म्हटलं. मग मी नेहमीचं विचारलं, आडनावाची अक्षरं सांगा.

ही जागा फसवी आहे. इंग्रजी अक्षरांची सवय झालेल्या जिभेला जर्मन अक्षरं चकवतात. इंग्रजीतला ‘ए’ जर्मनमध्ये ‘आ’ होतो, इंग्रजीतला ‘ई’ होतो ‘ए’, आणि ‘आय’चा होतो ‘ई’. ‘जी’ला ‘गे’, ‘जे’ला ‘योट’. मला वाटलं, ती इथेच अडकणार. पण तिने एका दमात, एकही अक्षर न चुकता सांगून टाकलं.

फक्त समोरच्या यादीत ते आडनाव नव्हतंच.

माझी सहपरीक्षक कागदावरून वर बघायला लागली. तेवढ्यात त्या उमेदवाराच्याही लक्षात आलं. चेहरा पांढरा पडला. हे तिचं माहेरचं आडनाव होतं. पासपोर्टवर नवीन होतं, तोंडात जुनंच बसलं होतं. आम्हाला मदत करता येत नाही, की मान हलवताही येत नाही. मी पुढच्या उमेदवाराकडे वळलो.

दुसऱ्या भागात उमेदवार एकमेकांना प्रश्न विचारतात. विषय निघाला कुटुंब. तिच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, मुलाकडे जाण्याआधी भाषा शिकत होते. त्यांच्या चिठ्ठीवर ‘भाषा’ हा शब्द आला. त्यांनी विचारलं, “श्प्रिख्ट ईअर मान डॉइच?” तुमचा नवरा जर्मन बोलतो का?

ती क्षणभर थांबली. “या. आबर एर श्प्रिख्ट वेनिग.” हो, पण तो बोलतो कमीच.

गृहस्थ खळखळून हसले. मग ती हसली. परीक्षकाने हसायचं नसतं, म्हणून मी गुणपत्रिकेत डोकं घातलं. हे वाक्य कुठल्याही पाठातलं नव्हतं. पाठांतराची वाक्यं मी रोज ऐकतो, हे तिचं स्वतःचं होतं. मी पूर्ण गुण दिले.

दार बंद झाल्यावर सहपरीक्षक म्हणाली, “आडनावाचं काय करायचं?” आम्ही दोघं गुण वेगवेगळे देतो आणि मग ताडून पाहतो. मी म्हटलं, अक्षरं बरोबर सांगता येतात का, एवढंच आपण तपासतोय. ओळख तपासायला दाराशी माणूस आहे, त्याने तपासलीय. तिला ते पटलं, पण लगेच नाही. शेवटी तिचे आणि माझे आकडे जुळले.

पुढचा गट बोलवायला मी दार उघडलं, तर ती बाहेरच उभी.

“सर्टिफिकाट,” ती हळूच म्हणाली. “नामं आल्ट? नॉय?” नाव जुनं की नवं?

“नॉय,” मी म्हटलं.

तिने मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड करून नव्या आडनावाची अक्षरं पुटपुटायला लागली.