दार दिसेल अशी जागा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी औसा तालुक्यात चौथीत होतो. पुढे कित्येक महिने पत्रा वाजला तरी मी अंगणात पळे आणि आजी काही न विचारता शेजारी येऊन बसे. शिक्षक झाल्यावर मला तिचे ते गप्प बसणे फार आठवते.

कर्जापायी वडिलांनी जीव दिलेला सहावीतला एक मुलगा दार दिसेल अशाच जागी बसे आणि कुणी मोठ्याने बोलले की शिसाचे टोक मोडेपर्यंत वही गिरवत राही. काहींनी त्याला हट्टी ठरवले, ते मला पटले नाही. धोका टळला तरी शरीर सावधच राहते आणि अशा वेळी पाढे डोक्यात शिरत नाहीत. मी त्याची जागा बदलली नाही, पुढच्या तासाला काय होणार ते आधी सांगत गेलो आणि घरी काय घडले हे कधीच विचारले नाही. दिवाळीनंतर तोच म्हणाला, "सर, आमची बैलं इकली."

त्याची झोप मात्र अजून उडालेली आहे, म्हणून जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांची वेळ घेतली असून, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच्या आईला लिहून दिला आहे.