कमळाचा कोंब मोडला तेव्हा

पूजेच्या दुकानातून कमळगट्टे, म्हणजे कमळाच्या वाळलेल्या बिया, आणले तेव्हा आई म्हणाली, "जपमाळेचे मणी कुठे उगवतात का रे?" उगवतात. चीनमध्ये सापडलेलं सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं कमळाचं बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलंय. इतकं टिकतं ते टणक कवचामुळे, आणि नुसतं भिजवून उगवत नाही तेही त्यामुळेच. मी आठवडाभर भिजवले. खडे ते खडेच.

मग काचपेपर घेतला. बीच्या एका टोकाला बारीक टोच असते, दुसरीकडे खळगा. खळग्याकडून घासायचं. काळं जाऊन आतलं पिवळसर दिसलं की हात थांबवायचा. पाणी रोज बदललं. दुसऱ्या दिवशी बिया टम्म फुगल्या, पाचव्या दिवशी हिरवे कोंब. सहातल्या दोन सडल्या, वास घरभर.

भोक नसलेला पसरट टब, शेतातली चिकण माती, वर चार बोटं पाणी, गच्चीवर भरपूर ऊन. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालू नका, सगळं तरंगत वर येतं. डासांसाठी गप्पी मासे सोडले. आधी पाण्यावर लोळणारी पानं आली, मग ताठ उभी. फूल मात्र पहिल्या वर्षी नाहीच.

फेब्रुवारीत दोन टब करायचे म्हणून पहिला उपसला. कंद टबाच्या कडेने वेटोळं घालून बसला होता. मी धरून ओढला आणि टक्क! टोकाचा कोंब हातात. काकडी मोडावी तसा. सगळा जीव त्या टोकातच असतो. बिनकोंबाचा तुकडा मी हट्टाने लावला, तो पंधरा दिवसांत कुजला.

उरलेल्या कंदाला हात लावायच्या आधी पाइपने पाणी मारून चिखल धुवून काढला. कोंबामागे तीन पेरं ठेवून धारदार सुरीने कापलं, तुकडा आडवा ठेवला, कोंब टबाच्या मध्याकडे नि किंचित वर. कंद तरंगू नये म्हणून मागच्या पेरावर दगड. उभी पानं येईपर्यंत खताचं नाव काढलं नाही.

जूनमध्ये कळी आली. सकाळी उमलायची, दुपारी मिटायची. आई देवासाठी कात्री घेऊन आली, मी म्हटलं, उद्या. असं दोनदा झालं. चौथ्या दिवशी पाकळ्या टबात पडलेल्या. आई अजून बोलून दाखवते.