किमान दोन व्यक्ती

दुपारी तीनच्या सुमाराला दाराच्या फटीतून काहीतरी सटकन आत पडलं. नवरा कोल्हापूरला गेलाय, पुतणीच्या लग्नाला आणि लग्नाच्या निमित्ताने जमिनीच्या कागदांना. त्यामुळे घरात बोलायला कुणी नाही आणि दारात पडलेली जाहिरातसुद्धा मी उचलून नीट वाचते. काल पन्हाळी साफ करून देणाऱ्याची वाचली. आजचं पत्रक आमच्या कोपऱ्यावरच्या थाय हॉटेलाचं होतं. जांभळं ऑर्किड, सोनेरी अक्षरं, आत नेहमीचंच: सेट मेन्यू 'अ', सेट मेन्यू 'ब', आणि खाली बारीक अक्षरात 'किमान दोन व्यक्ती'. माणशी दोन पौंड वाढवलेत.

मला एकदम भूक लागली. जेवून दोन तास झाले होते, पण 'ब'ची भूक वेगळी. आणि लगेच लक्षात आलं की गुरुवारी नवरा येईपर्यंत 'ब' काही मला मिळत नाही. एकटीसाठी मागता येत नाही. मागे एकदा विचारून झालंय. गल्ल्यावरची बाई गोड हसून 'टू पीपल' म्हणाली होती, मी एकटीचंच लग्न लावून द्या म्हणून आल्यासारखी.

हॉटेल तसं काही थोर नाही. लंडनच्या हॅरोतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, ड्रायक्लीनर आणि केस कापायच्या दुकानाच्या मधे. आत काळपट लाकडावरची नक्षी, भिंतीवर राजाराणी, प्रत्येक टेबलावर एकुलतं एक ऑर्किड. ते खरं की खोटं हे मी अकरा वर्षांत हात लावून पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. गल्ल्याच्या वर कोपऱ्यात एक छोटं देवघर आहे. उदबत्ती, फुलांची माळ आणि लाल फँटाची उघडलेली बाटली, तिच्यात स्ट्रॉ. पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी पिता पिता विसरलं. नंतर कळलं की तिकडे जागेच्या राखणदाराला लाल फँटाच ठेवतात. आमच्या कोकणात राखणदाराला नारळ देतात, कोंबडा देतात, पण खायची सोय काय करतात हे कधी पाहिलं नव्हतं. "स्ट्रॉसकट," नवरा म्हणाला. त्याला या गोष्टीचं फार कौतुक आहे.

२००२ साली थायलंडच्या सरकारने जगभर थाय हॉटेलं वाढावीत म्हणून रीतसर योजना आखली होती. ती आमच्या गल्लीपर्यंत पोचली असं समजायला हरकत नाही. आपल्याकडे थालिपिठाबद्दल असं कुणाला का सुचलं नाही, हे त्या मंद दिव्यांखाली बसून आम्ही बऱ्याचदा बोललोय.

मला मेन्यू वाचता येत नाही. अक्षरं लागतात, पण निवडता येत नाही. 'तुला काय हवंय?' हा प्रश्न लग्न होईपर्यंत मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. दापोलीजवळच्या आमच्या घरात जे रांधलं ते ताटात यायचं, आणि नाक मुरडणाऱ्याला कुणी रागवायचंही नाही, नुसतं पुढच्याला वाढायचे. इथे आले तर साध्या सँडविचसाठी तोंडी परीक्षा. पाव कुठला, भाजलेला की तसाच, लोणी लावू का, कांदा चालेल का. पहिल्या वर्षी मी उपाशी राहिले ती पैशांमुळे नव्हे, या प्रश्नांमुळे. तेव्हा 'बी, प्लीज' एवढ्या दोन शब्दांत जिथे आख्खं जेवण येतं त्या जागेचे माझ्यावर उपकार आहेत. 'अ'मध्ये काय असतं ते आम्ही अजून पाहिलेलं नाही.

पण आमची आजी असती तर तिने सेट मेन्यूला सरळ वाटाच म्हटलं असतं. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी होड्या लागल्या की ती मला घेऊन जायची. लिलावाचा गलका एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला बायका वाटे मांडून बसलेल्या. पाचसहा बांगड्यांचा वाटा, वर दोन ठळक, चकचकीत, खाली कसे असतील ते देवाक ठावं. आजी दहा वाटे नुसते बघत जायची. वाकायची नाही, हात लावायची नाही, जणू समुद्र बघायलाच आलीय. मग अकराव्याशी थांबून, बोट न दाखवता, "ह्यो केवढ्याक?" त्या वाट्यातले तेवढे मोठे दोन द्या, असं म्हणणारा माणूस एक तर मुंबईचा, नाही तर चाकरमान्याचा जावई. वाटा मोडत नाही. घ्यायचा तर सगळा घ्यायचा. फार तर भाव ठरल्यावर, पैसे हातात ठेवायच्या आधी म्हणायचं, "वर दोन टाक." ती कोळीण आठ्या घालून दोन टाकायची, आणि त्या आठ्या भावात धरलेल्या असायच्या.

'ब'मधले वरचे ठळक बांगडे म्हणजे साते, काडीला टोचून भाजलेले मांसाचे तुकडे, आणि हिरवी करी. खालचे म्हणजे 'मिक्स्ड व्हेजिटेबल', त्यातलं बेबीकॉर्न. बेबीकॉर्न सोडून बाकीचं किती, असं विचारायचं नाही. आणि आल्या आल्या कोळंबीच्या पापड्यांची जी टोपली पुढ्यात येते, ती बिलात लावतात हे मला माहीत आहे, तरी मी मनातल्या मनात ते 'वर दोन' धरते.

आधी पांढरी लांबट थाळी येते. प्रत्येक जिन्नस मोजून दोन. साते दोन, स्प्रिंग रोल दोन, फिशकेक दोन, कोळंबीचे टोस्ट दोन. मधे गाजराचं कोरलेलं फूल, जे खायचं नसतं आणि एकदा मी खाल्लं. थाळी टेबलाला टेकते न टेकते तोच आमची देवघेव सुरू. नवरा कोल्हापूरचा. मटण म्हणजे जेवण, कोंबडी म्हणजे तडजोड, आणि मासा म्हणजे वास. त्यामुळे त्याच्या वाटणीचा फिशकेक आणि टोस्ट माझ्याकडे, माझ्या वाटणीचे साते आणि रोल त्याच्याकडे. अकरा वर्षं हे न बोलता चाललंय. त्या स्प्रिंग रोलच्या आत काय असतं ते मला ठाऊक नाही आणि त्या पिवळ्या सात्यांचा वास तेवढा मी घेते.

मे महिन्यात आजोबा आंबा कापायचे तेव्हा आम्ही सहा भावंडं अशीच बसायचो. दोन फोडी आणि एक बाठा. बाठा कुणाचा, यावरून रडारड. आजोबांनी कायदा केला, आज जो कापेल त्याने शेवटी उचलायचं. मग आम्ही कापणाऱ्याची वाट बघायला लागलो. माझा चुलतभाऊ कापायचा तेव्हा बाठ्याला इतका गर ठेवायचा की फोडींची नुसती सालं उरायची, आणि शेवटी बाठा उचलताना चेहरा असा करायचा की जणू त्यागच. आता तो हिशेब तपासनीस आहे.

तर मासा. आता एक गोष्ट सांगते, जी मी घरात अकरा वर्षं सांगितलेली नाही.

हिरवी करी आली की नवरा भाताला हातही न लावता आधी ती वाटीतून पितो. "तांबडा, पांढरा आणि हा हिरवा," म्हणतो. पांढऱ्या रश्शासारखंच नारळाचं दूध, अंगावर येणारी मिरची, आणि मागाहून एक खोल, खमंग असं काहीतरी, ज्याचं नाव त्याला सापडत नाही. मिरची कोल्हापुरातच जन्मली असं त्याचं ठाम मत आहे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा वकील सयामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या राजधानीत, अयुथ्थयाला जाऊन पोचला. तिखट दोन्हीकडे त्यांच्याच मागोमाग आलं, हे मी त्याला दोनतीनदा सांगितलं. त्याने वाटी पुढे केली. "अजून थोडं घाल."

ते खोल, खमंग काहीतरी म्हणजे नाम प्ला. नाम म्हणजे पाणी, प्ला म्हणजे मासा. छोटे मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवायचे आणि जे पाणी सुटेल ते गाळून बाटलीत भरायचं. शिवाय करीच्या वाटणातच कापी असते, म्हणजे जवळा कुटून, आंबवून केलेला गोळा. मी पहिल्या दिवशी पहिल्या घोटाला ओळखलं. ज्या घरात पावसाळाभर फडताळात सुकट असते त्या घरातल्या पोरीला हे कुणी सांगावं लागत नाही. मेन्यूवर ॲलर्जीवाल्यांसाठी बारीक खूणही आहे. पण नवरा मेन्यू वाचतच नाही, आपला तर 'ब' ठरलेला. त्या पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं, "काय घालतात गं यात?" मी म्हटलं, "गवती चहा." खोटं नव्हतं. गवती चहा असतोच. मीठही असतं, ते तरी कुठे सांगितलं?

तिथलं वाढणं मात्र मला अजून जमत नाही. म्हणजे कुणी वाढतच नाही, सगळं मधे ठेवून जातात. आपल्याकडे वाढणं या एका शब्दात काय काय कोंबलंय: पोर वाढतं, पान वाढतात, नारळ वाढवतात, बांगडी वाढते. आणि वाढणाऱ्याच्या हातात सत्ता असते. 'पुरे' म्हटलेलं ऐकू न येणं हा त्या सत्तेचा भाग. तिकडे उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, काट्याने फक्त लोटायचं. आणि मधल्या वाडग्यांत एक वेगळा चमचा, चोन क्लांग, म्हणजे मधला चमचा. तो कुणाचाच नाही, तोंडाला लावायचा नाही. हा चमचा बघून माझ्या आजीचा जीव किती थंडावला असता! उष्टं या शब्दावर तिने आयुष्य काढलं होतं. थोडं थोडं, एकेका पदार्थाचं घ्यायचं, एकदम ताट भरायचं नाही, हेही मी हळूहळू शिकले. तरी नवऱ्याची वाटी रिकामी दिसली की माझा हात जातोच. मधला चमचा घेऊन त्याला वाढते. तो 'पुरे' म्हणतो. मला ऐकू येत नाही.

शेवटी काजूच्या चिकनमधला एक तुकडा उरतो. नेहमी. दोघंही त्याच्याकडे बघत नाही. 'तू घे', 'नको, तू घे', मग पाणी पितो, मग बिलाची खूण करतो, तुकडा तिथेच. एकदा ती वाढणारी मुलगी ताटं उचलता उचलता म्हणाली, आमच्याकडे शेवटचा तुकडा खाणाऱ्याला देखणा जोडीदार मिळतो म्हणतात. नवऱ्याने तो तुकडा इतक्या चपळाईने उचलला की मुलगीसुद्धा दचकली. मग माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, "काही फरक नाही."

पत्रक फ्रिजवर लावलं. दहीभात कालवला, सांडगी मिरची तळली, ओट्याशी उभ्यानेच खाल्ला. किमान एक व्यक्ती.

पाच वाजता, म्हणजे तिकडचे साडेनऊ, फोन आला. लग्न छान झालं, कागदांचं काही झालं नाही, मटण झकास होतं. "पण पांढरा रस्सा यंदा अगदी पाणचट लागला गं. सगळं घातलंय, खसखस आहे, नारळाचं दूध आहे, पण ते हे नाही. आपल्या त्या हिरव्यात असतं बघ, मागाहून येतं ते. काय घालतात म्हणालीस?"

मी क्षणभर थांबले. मागे लग्नघराचा गोंगाट ऐकू येत होता.

"गवती चहा."

"वहिनीच्या परसात ढीगभर आहे," तो म्हणाला. "उद्या सांगतो घालायला." आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.