हाताची त्वचा तोंडात: फ्लॅपच्या शस्त्रक्रियेनंतरचा माझा अनुभव

जिभेच्या डाव्या कडेला झालेल्या कर्करोगामुळे माझी जवळजवळ अर्धी जीभ आणि तिच्याखालचा तोंडाच्या तळाचा काही भाग काढावा लागला. त्याच शस्त्रक्रियेत डाव्या मनगटाच्या वरची त्वचा, तिच्या धमनी आणि शिरांसकट (अशा तुकड्याला ‘फ्लॅप’ म्हणतात), त्या जागी बसवून रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडण्यात आल्या. आधी मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून धरल्या गेल्या आणि एकच सोडल्यावर तळहात पुन्हा लाल होतो का हे पाहिले गेले, कारण दुसरी धमनी फ्लॅपबरोबर जाणार होती आणि पंजाला उरलेल्या एकीवरच भागवायचे होते. चीनमधल्या शल्यचिकित्सकांनी १९८१ साली ही पद्धत प्रसिद्ध केली, म्हणून तिला आजही कोणी कोणी ‘चायनीज फ्लॅप’ म्हणतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यांचे लक्ष माझ्यापेक्षा त्या फ्लॅपकडेच अधिक होते. परिचारिका तासातासाला येऊन त्याचा रंग आणि ऊब पाहत, बोटाने हलके दाबून फिकटपणा किती वेळात जातो हे तपासत, आणि शंका आली तर डॉक्टर सुई टोचून रक्त पाहत. लालभडक रक्त सावकाश आले तर ठीक; काळपट रक्त चटकन आले तर शीर तुंबल्याची शंका; काहीच आले नाही तर धमनी बंद पडल्याची. मान एका बाजूला वळवायची नव्हती, गळ्यातल्या छिद्रातून श्वास आणि नाकातल्या नळीतून अन्न चालू होते, आणि बोलणे पाटीवर लिहून होत होते. या शस्त्रक्रियेत फ्लॅप जगण्याचे प्रमाण अनुभवी केंद्रांत शंभरात ९५च्या आसपास असते, आणि माझाही जगला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे सांगितले ते याच अर्थाने, आणि त्या अर्थाने ते खरेही होते.

मात्र बसवलेल्या त्वचेत स्नायू नसतो. ती जागा भरते, उरलेल्या जिभेला मोकळे हलू देते, पण स्वतः काहीच करत नाही. घास मागे ढकलण्याचे सगळे काम उरलेल्या अर्ध्या जिभेला नव्याने शिकावे लागते. मला सर्वांत अवघड गेले ते साधे पाणी, कारण पातळ पदार्थ ताब्यात येण्याआधीच घशाकडे धावतो आणि ठसका लागतो. म्हणून आधी दाट केलेले द्रव, हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे, मग मऊ अन्न, असा क्रम होता. फ्लॅपला संवेदना नसल्याने त्या बाजूला अडकलेले अन्न जाणवत नाही आणि गरम पदार्थाचा चटकाही कळत नाही. आजही मी प्रत्येक घास आधी ओठाने अजमावतो. बोलण्यात ट, ड, ळ आणि र यांनी फार छळले. समोर बसलेल्या माणसाला ओठ पाहून समजत असे, फोनवर मात्र तेच वाक्य तीनदा सांगावे लागे. स्पीच थेरपी लवकर सुरू होणे हे मला तरी टाक्यांइतकेच महत्त्वाचे वाटते.

जखम भरते न भरते तोच, सहा आठवड्यांच्या आत, रेडिएशन सुरू झाले आणि मिळवलेले बरेच काही पुन्हा हातचे गेले. लाळ आटली, चव गेली, जबडा आखडू लागला. पुढच्या वरच्या-खालच्या दातांमधले अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी झाले की तोंड उघडण्यात अडचण धरतात. चपट्या लाकडी पट्ट्या एकीवर एक रचून दातांत धरण्याचा व्यायाम मी रोज करत राहिलो, तरी मोजपट्टी त्या आकड्याच्या थोडी खालीच थांबली. एक फायदा झाला: फ्लॅपवर उगवणारे हाताचे केस गेले. मनगटावर लावायला मांडीची कातडी काढली होती आणि सुरुवातीला तोंडापेक्षा तीच जास्त दुखत असे. मानेतल्या गाठी काढताना खांद्याच्या नसेला ताण बसल्याने डावा हात डोक्यावर नेणे अजून जड जाते.

नंतरच्या एका तपासणीत वॉशिंग्टन विद्यापीठाची प्रश्नावली भरून घेतली गेली. तीत वेदना, दिसणे, गिळणे, चावणे, बोलणे, खांदा, चव, लाळ, मनःस्थिती असे १२ विषय असतात आणि गेल्या सात दिवसांत त्यांपैकी कोणते तीन सर्वांत महत्त्वाचे वाटले, हेही विचारतात. मी लाळ, गिळणे आणि खांदा लिहिले. दिसण्याची धास्ती शस्त्रक्रियेआधी मला सर्वांत जास्त होती, ती तीनांत आलीच नाही. आणि लाळेचा तर मी त्या वेळी विचारही केला नव्हता. ही प्रश्नावली शस्त्रक्रियेपूर्वीही रुग्णासमोर ठेवावी, म्हणजे कशाकशाशी झुंजायचे आहे ते आधी कळेल, असे मी डॉक्टरांना सुचवले आहे.

आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत अधिक असल्याने तपासण्या जवळजवळच्या आहेत. दर वेळी डॉक्टर फ्लॅप आणि जीभ जिथे जुळतात ती रेषा बोटाने चाचपतात, मान पाहतात, तोंड किती उघडते ते मोजतात, आणि त्यानंतर मी स्पीच थेरपिस्टकडे जातो.