तुम्ही विचारलंत म्हणून: राजा आर्थर मुलांना कसा सांगायचा?

मी लहान मुलांना पाश्चात्त्य संगीत ऐकवते. त्यांच्या आईवडिलांकडून एक प्रश्न मला हमखास येतो: ‘तीनशे वर्षांपूर्वीचा ऑपेरा, त्यात राजा, लढाई, देशाचा जयजयकार, हे एवढ्याशा पोरांना कसं सांगता? आणि मुळात का सांगता?’ रोख असतो इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेलच्या ‘किंग आर्थर’ या ऑपेरावर, कारण माझ्याकडून तोच सगळ्यात जास्त ऐकवला जातो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात मी राजापासून करतच नाही. थंडीपासून करते. तिसऱ्या अंकात ऑस्मंड नावाचा सॅक्सन मांत्रिक जमिनीवर कांडी आपटतो आणि सगळीकडे बर्फच बर्फ होतं. क्युपिड, म्हणजे त्यांचा मदन, हाका मारमारून बर्फाखाली झोपलेल्या हिमदेवाला उठवतो. तो बिचारा म्हातारा कसाबसा उठतो आणि म्हणतो, मला कशाला उठवलंस, मला परत गोठून मरू दे. हे गाणं पर्सेलने असं रचलंय की एकेक अक्षर त्याच स्वरावर थरथरत बाहेर पडतं. खाली व्हायोलिनंही तशीच कापतात, आणि सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने वर सरकत राहतो. मुलांना मी आधी काहीच सांगत नाही. ऐकवते आणि विचारते, याला काय झालंय? कुणीतरी ओरडतंच, ‘हुडहुडी भरलीय!’ झालं, ऑपेरा कळायला लागला. पुढे थंडीने काकडलेल्या माणसांचा घोळका दात वाजवत गातो, तेव्हा सगळा वर्ग दात वाजवत असतो.

१६९१ साली लंडनमध्ये थेम्सच्या काठावर, डॉर्सेट गार्डन नाट्यगृहात हे पहिल्यांदा झालं. १६८३-८४च्या हिवाळ्यात हीच थेम्स इतकी गोठली होती की बर्फावर दुकानं थाटली गेली. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे विस्फारतात. तिकडे तो प्रयोग चालू होता तेव्हा इकडे राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात मोगलांचा वेढा झेलत होते, हेही सांगते. आपल्या मुलांना काळ पटकन कळतो.

मग गोष्ट. ब्रिटन म्हणजे बेटावरचे मूळचे लोक, सॅक्सन म्हणजे समुद्रापलीकडून येऊन तिथे वसलेले. ब्रिटनांचा राजा आर्थर आणि केंटचा सॅक्सन राजा ऑस्वाल्ड, दोघांचंही एमेलीन नावाच्या मुलीवर प्रेम. ती जन्मापासून आंधळी. आर्थरच्या बाजूचा मांत्रिक मर्लिन, त्याच्या औषधाच्या थेंबांनी तिला दृष्टी येते आणि ती पहिल्यांदा आरसा बघते. त्यात एक चेहरा आहे, हसतोय, ओठही हलवतोय, पण बोललेलं ऐकू कसं येत नाही, याचं तिला नवल वाटतं. या प्रसंगाला मी भरपूर वेळ देते. चौथ्या अंकातल्या मायावी जंगलालाही. आर्थर झाडावर तलवार चालवतो तर झाडातून रक्त येतं, आणि आतून एमेलीनच बाहेर येते! तो तिचा हात धरणार एवढ्यात फिलिडेल नावाचं भलं भूत कांडी लावून दाखवतं की ही एमेलीन नव्हेच, हा ग्रिमबाल्ड नावाचा दुष्ट पिशाच्च आहे. पहिल्या अंकातला सॅक्सनांच्या वोडन देवापुढचा बळी लहान मुलांसमोर मी गाळते. आणि आर्थरच्या एरवीच्या गोष्टींतलं सरदारांचं गोलमेज, त्यातला शूर लान्सलॉट इथे नाहीत हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मुलं शेवटपर्यंत त्यांची वाट बघत बसतात.

सगळ्यात मोठी गंमत अशी की या ऑपेरात राजा गातच नाही. आपल्या ‘संगीत शाकुंतला’त दुष्यंत स्वतः पदं म्हणतो. इथे आर्थर, ऑस्वाल्ड, एमेलीन नुसते बोलतात. गातात ते सैनिक, मेंढपाळ, भुतं, वाऱ्यांचा देव, नदीतल्या पऱ्या, थंडी. म्हणून तर मला हा मुलांसाठी योग्य वाटतो. यातला देश म्हणजे सिंहासन नव्हे. पाचव्या अंकात वाऱ्यांचा देव वादळ शांत करतो, समुद्रातून बेट वर येतं, त्यावर ब्रिटानिया, म्हणजे देवीच्या रूपातला देशच, बसलेली आणि तिच्या पायाशी कोळी. पुढे शेतकरी येतात आणि सुगीचं गाणं म्हणता म्हणता धर्मगुरूला पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा नाही, त्याला फसवायचं, असं खुशाल गातात. त्यानंतर व्हीनस, त्यांची प्रेमाची देवी, ‘फेअरेस्ट आइल’ (सगळ्यात सुंदर बेट) गाते, इतकं गोड की मुलंही गप्प होतात. देशाची स्तुती आणि कुणब्याची कुरकुर एकाच अंकात. मला हे फार मोलाचं वाटतं.

शब्द लिहिणारा जॉन ड्रायडन तेव्हा राजकवी उरला नव्हता. १६८८मध्ये राज्य पालटलं, कॅथलिक राजा जाऊन प्रॉटेस्टंट राजवट आली; त्याने कॅथलिक पंथ सोडला नाही, पद गेलं. हे नाटक त्याने आधी दुसऱ्या चार्ल्स राजासाठी योजलं होतं. नव्या राजवटीत त्याला ते बदलावं लागलं. मोठ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. दरबाराने दूर केलेल्या माणसाचंही देशावर प्रेम असू शकतं, हे त्यांना समजतं.

शेवटचा प्रश्न अवघड. आर्थर द्वंद्वात ऑस्वाल्डला निःशस्त्र करतो, पण जीव घेत नाही. सॅक्सनांना घेऊन जर्मनीतल्या एल्ब नदीकडे, तुमच्या मूळ देशी, परत जा, एवढंच सांगतो. परदेशात वाढणारी मुलं इथे हमखास विचारतात, ‘बाहेरून आले म्हणून घालवून दिलं?’ मी ते टाळत नाही. हो, आर्थर तसंच म्हणतो. पण मर्लिनचं भाकीतही वाचून दाखवते: ब्रिटन आणि सॅक्सन एक दिवस एकच लोक होतील, त्यांची भाषा एक होईल. आजचे इंग्रज या सॅक्सनांचेही वंशज आहेत, हे त्यावर सांगितलं की मुलं आपापसांत वाद घालू लागतात. मी तो वाद मिटवत नाही.

घरी ऐकवणार असाल तर सगळं एकदम नको. पहिल्या दिवशी फक्त थंडीचं गाणं. दुसऱ्या दिवशी ‘कम इफ यू डेअर’ (हिंमत असेल तर या) हे सैनिकांचं लढाईचं गाणं, त्यातल्या तुताऱ्या वाजल्या की मुलं उठून उभी राहतात, राहू द्या. ‘फेअरेस्ट आइल’ गोष्ट पूर्ण सांगून झाल्यावरच.