येन

आज कपाट आवरताना जुन्या पर्सच्या कप्प्यात पाच येनचं नाणं सापडलं. पितळी, मधोमध भोक. भोकाभोवती चक्राचे दाते, वर वाकलेली भाताची लोंबी, खाली पाण्याच्या आडव्या रेघा. उद्योग, शेती, मासेमारी. कितीतरी वेळ बघतच बसले.

लेक ओसाकाला शिकायला गेली, त्या वर्षी आम्ही दोघं तिला भेटायला गेलो होतो. तिथल्या देवळात तिनेच अशी दोन नाणी माझ्या हातावर ठेवली. "आई, दानपेटीत टाक. पाच येनला जपानीत 'गो-एन' म्हणतात, आणि ऋणानुबंधालाही 'गो-एन'च." मी एक टाकलं, दुसरं मुठीतच राहू दिलं.

जपानी माणूस 'येन' म्हणतच नाही, 'एन' म्हणतो. अर्थ, गोल. १८७१ पासूनचं त्यांचं चलन. इंग्रजीत मात्र 'येन' म्हणजे ओढ, आससुद्धा. तो शब्द जपानचा नव्हेच, चिनी भाषेतून आलेला, मूळ अर्थ अफूची तलफ. दोन्ही शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही, नुसता उच्चार सारखा. पण माझ्या तळहातावर आज दोन्ही अर्थ एकदम होते, हे खरं.

सात वाजता व्हिडिओ कॉल केला. तिच्याकडे साडेदहा झालेले, डोळे झोपाळलेले. "जेवलीस का गं?" विचारलं आणि नाणं कॅमेऱ्यासमोर धरलं.

"आई! ठेवलंयस अजून?"

त्या भोकातून तिचा एक डोळा तेवढा दिसत होता.