गालजीबागच्या खाडीत भरतीच्या पाण्यासोबत

माघ शुद्ध त्रयोदशीला सकाळी सव्वासात वाजता मी आणि माझ्या मेहुण्याने दक्षिण गोव्याच्या काणकोण तालुक्यातील गालजीबाग नदीत, मुखापासून बरेच आत, दोघांची कयाक पाण्यात लोटली. तिथी मुद्दाम सांगितली आहे, कारण खाडीतल्या सहलीची वेळ आपल्या सवडीपेक्षा तिथीवर अधिक अवलंबून असते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. त्रयोदशीला त्यानुसार पावणेदहा येतात. परंतु हा हिशेब मुंबईकडच्या पाण्याचा आहे, आणि गोव्यात भरती मुंबईच्या आधी येत असल्याने मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहूनच निघावे. आमच्या हिशेबाने नऊच्या सुमारास पाणी पूर्ण चढणार होते, म्हणजे नदीत आत जाताना भरती आणि परतताना ओहोटी सोबतीला मिळणार होती. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे याच सात वाजता आठवडाभराने निघालेल्या माणसाला मात्र प्रवाहाच्या विरुद्ध वल्हवावे लागेल.

महामार्गाच्या पुलाखालून पुढे गेल्यावर वाहनांचा आवाज मागे पडला आणि दोन्ही काठांची कांदळवने जवळ आली. आम्ही वल्ही आडवी ठेवून कितीतरी वेळ नुसते पाण्याबरोबर सरकत राहिलो. या नदीवर घाई करण्यासारखे काहीच नाही, आणि घाई केली तर पाहण्यासारखे सगळे हातचे जाते, असे माझे प्रामाणिक मत आहे. एका कांदळाच्या आधारमुळांना हात लावता येईल इतक्या जवळ गेलो, तेव्हा फांद्यांवरून लोंबणारे शेंगेसारखे हिरवे कोंब दिसले. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. मग तो लांब कोंब गळून चिखलात उभा रुततो किंवा पाण्यावर तरंगत दुसरा काठ शोधतो. आमच्या देखत एक कोंब टपकन पाण्यात पडला आणि भरतीबरोबर आमच्याच दिशेने चालू लागला. पलीकडे तिवराच्या श्वसनमुळांमध्ये उघड्या राहिलेल्या चिखलावर निवट्या नावाचे छोटे मासे उड्या मारत होते. आमची चाहूल लागताच एक खंड्या मात्र निळा पट्टा ओढावा तसा निघून गेला.

चूक आमच्याकडून झाली ती चहाच्या वेळी. नऊनंतर एका काठावर कयाक अर्धवट ओढून ठेवली आणि गप्पांत तासभर गेला. उठून पाहिले तर पाणी हटले होते आणि कयाकभोवती मऊ चिखल उरला होता. मेहुण्याने पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत गेला आणि आत रुतलेल्या कालवांच्या शिंपल्याने त्याची टाच कापली. म्हणून अनवाणी किंवा चपला घालून जाऊ नये, घट्ट बसणारे बूट घालावेत, आणि उतरायचेच असेल तर घट्ट वाळूची जागा पाहून कयाक दोरीने बांधावी.

कयाक भाड्याने घेताना जीवरक्षक जाकीट स्वतः अंगात घालून प्रत्येक पट्टा ओढून पाहावा. आम्हाला दिलेल्या एकाचा खटका बसतच नव्हता आणि ते मागून बदलून घ्यावे लागले. पाणी प्रत्येकी किमान दोन लिटर, टोपी आणि फोनसाठी जलरोधक पिशवी पुरेशी आहे. पावसाळ्यात या नदीत उतरू नये. मुखाकडच्या वाळूच्या दांड्यापाशी लाटा फुटतात आणि ओहोटीचा ओढ समुद्राकडे असतो, त्यामुळे नवख्यांनी नदीच्या आतच राहावे. गोव्यातल्याच मांडवी आणि झुआरी नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तेव्हा तिथे स्वतःची कयाक घेऊन जाण्याचा मोह टाळावा.

मडगावहून येताना करमल घाट उतरून चावडी या काणकोणच्या मुख्य गावाला यावे लागते. पहाटे निघाल्यास रस्ता मोकळा मिळतो. गालजीबागचा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी राखलेला आहे. हिवाळ्यात माद्या रात्री अंडी घालायला येतात, म्हणून अंधारात विजेऱ्या घेऊन वाळूवर फिरू नये आणि घरट्यांभोवतीच्या कुंपणापासून दूर राहावे. आम्ही साडेअकराला कयाक परत केली, तेव्हा सुरूच्या बनाची सावली अजून वाळूवर होती, आणि मेहुण्याने टाच गोड्या पाण्याने धुऊन औषध लावले.